आडोशाचं पाणी

आषाढात लवळ्याला पाऊस रात्रभर असतोच. पत्र्यावर, केळीच्या पानांवर, परसातल्या पालथ्या घमेल्यावर तो वाजत राहतो आणि कान त्याला सरावतात. पहाटे जाग येते ती त्याच्या खालून येणाऱ्या दुसऱ्याच आवाजानं. लांब कुठंतरी कुणी जात्यावर दळत बसलंय, अशी घरघर. वारा नांद्याच्या अंगानं येत असला की ती स्पष्ट ऐकू येते. मग अंथरुणातच कळतं, मुळा चढली.

लहानपणी ही घरघर सुरू झाली की मामा खांद्यावर घोंगडीची खोळ टाकून दारात उभा असायचा. ‘येतीस का?’ एवढंच विचारायचा. मी तोंडावर पाणी मारून निघायची. बांधावरून चालताना खाचरातलं पाणी एका ताटातून दुसऱ्यात उतरत असायचं आणि नुकत्या लावलेल्या रोपांचे शेंडे त्यात थरथरत असायचे. वाटेत मामा बोलत नसे. नदीच्या काठावर पोचलो की मात्र तो पहिलं काम ठरलेलं करी. हातभर लांबीची काटकी पाण्याच्या अगदी कडेला रोवायचा. घटकाभरानं काटकीकडे बघायचं. पाणी काटकीच्या पुढं आलं असेल तर नदी चढतीय, मागं गेलं असेल तर उतरतीय. चढतीय आणि भरभर चढतीय असं दिसलं, की मासा गळाला लागलेला असला तरी तंगूस कापून घराकडं फिरायचं. यात तडजोड नव्हती. वर मुळशीचं धरण आहे. तिथली दारं उघडली की इथलं पाणी सांगून येत नाही, हे काठावरच्या प्रत्येक घराला ठाऊक असतं.

काटकी रोवून झाली की मामा उकिडवा बसे आणि नुसता बघत राही. मला घाई असायची. कळकाची काठी, तिला बांधलेला तंगूस, शिशाचा मणी, मोरपिसाच्या देठाचा तरंगा, डब्यात मातीसकट भरलेली गांडुळं, सगळं तयार असताना नुसतं बघत काय बसायचं? एकदा मी गळ सरळ नदीच्या मध्याकडं भिरकावला. मोठी नदी, मोठं पाणी, मोठा मासा मध्येच असणार, हा माझा हिशेब. धारेनं तंगूस ओढून नेला, काठी वाकली, आणि बुडालेल्या करंजाच्या फांदीत गळ अडकून तुटला. मामा रागावला नाही. म्हणाला, ‘पोरी, तू पाण्यात असतीस तर कुठं थांबली असतीस?’

मी बघितलं. मध्ये लालट पाणी घोडे उधळावेत तसं धावत होतं. त्यात ओंडके, पेंढा, कुणाची तरी चप्पल. आणि आमच्या पायाशी, जिथं वैशाखात गुरं चरत होती त्या गवतात, हातभर खोल पाणी जवळजवळ उभं होतं. गवताची पाती त्यात सावकाश डुलत होती.

‘इथं,’ मी म्हणाले.

‘मासा पण हितंच थांबतो. त्याला आडोशाचं पाणी म्हणायचं.’

त्या एका शब्दावर मी पुढं कितीतरी वर्षं जगले आहे.

आडोशाचं पाणी कसं ओळखायचं हे मामानं पुढच्या कैक पावसाळ्यांत शिकवलं. पाणी तळाला घासतं, काठाला घासतं, म्हणून तिथं मंद होतं. त्याचा खरा वेग मध्ये आणि वरच्या थरात. मोठ्या धोंड्याच्या मागं पाण्याला खळगा पडतो आणि तिथं मासा विसावतो, हे कुणालाही सुचेल. धोंड्याच्या पुढंही पाणी आपटून जराशी उशी तयार होते आणि एखादा जबर मासा तिथंही थांबतो, हे बघून बघूनच कळतं. ओढा नदीला मिळतो तिथं पुराचं पाणी ओढ्यात उलटं शिरतं आणि गप होतं. नदी वळते तिथं आतल्या कुशीला भोवरा फिरतो, त्यात फेस आणि काटक्या गोल गोल हिंडत राहतात. अशा प्रत्येक जागी पळतं पाणी आणि थांबलेलं पाणी यांच्यामध्ये एक सांधा असतो. नीट बघितलं तर तो रेघेसारखा दिसतो. मासा थांबलेल्या बाजूला असतो आणि तोंड पळत्या बाजूकडं करून असतो. खाणं पळत्या पाण्यातून येतं, आणि ताकद थांबल्या पाण्यात वाचते. गळ त्या रेघेवर पडला पाहिजे, एक वीतही इकडंतिकडं नाही.

गढूळ पाण्यात मासा बघतो कसा, असं मी विचारलं होतं. मामा म्हणाला, अंगानं बघतो. पुढं शाळेत कळलं की माशाच्या कुशीवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ असते, पाण्यातली बारीकशी हालचालसुद्धा तिला जाणवते. शिंगटीला तर मिशाही असतात. तिला अंधारात, चिखलात, गांडुळाची चव मिशांनी कळते. म्हणून नवं पाणी आलं की शिंगटी आधी लागते. पाणी उतरू लागलं, लालट रंग जाऊन चहासारखा झाला, की मग बाकीचे मासे तोंड उघडतात. पुराचा चढ आणि पुराचा उतार, नदीचे हे दोन वेगळे स्वभाव आहेत.

माझा मुलगा अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात राहतो, हॅरिसबर्गजवळ, सस्क्वेहॅना नदीच्या काठी. मामाची काठी त्याच्याही हातात लहानपणी आली होती, आणि ती सवय तो समुद्रापार घेऊन गेला. तिथं तो दोन मासे धरतो. एक ट्राउट, डोंगरातल्या थंडगार झऱ्यांचा, पाणी जरा कोमट झालं तरी कासावीस होणारा. त्याच्यासाठी तो पिसं आणि दोरा गुंडाळून माशीसारखे दिसणारे गळ बनवतो. दुसरा स्मॉलमाउथ बास, काशाच्या रंगाचा, लालसर डोळ्यांचा, खडकाळ वाहत्या नदीत राहणारा, गळाला लागला की पाण्याबाहेर उड्या मारणारा. एका वसंतात, बर्फ वितळून नदी दुथडी भरली असताना त्याचा फोन आला. ‘आई, पाणी चॉकलेटी झालंय. सगळे घरी गेले. मी काठाजवळ, पडलेल्या झाडामागं टाकला आणि लागला.’ आवाजात तोच आनंद होता, जो चाळीस वर्षांपूर्वी नांद्याच्या काठावर माझ्या आवाजात असेल. मी म्हणाले, ‘आडोशाचं पाणी.’ तो म्हणाला, ‘हो ना, मामाआजोबांचं.’

त्यानंच मला सांगितलं की बासचा नर दगडगोट्यांत शेपटीनं झाडून घरटं करतो आणि अंड्यांची, पिल्लांची एकटा राखण करतो. ऐकताना मला आपली मरळ आठवली. पावसाळ्यात खाचराच्या कडेला, गवताळ थांबल्या पाण्यात, लालकेशरी पिल्लांचा घोळका वर येतो आणि दिसेनासा होतो. त्याच्या खाली काळी सावली असते. ती मरळ. पिल्लं मोठी होईतो ती तिथून हलत नाही, जवळ आलेल्या कशावरही धावून जाते. म्हणून तेव्हा तिला धरणं सगळ्यांत सोपं असतं. मामा अशा जागेवरून काठी उचलून घ्यायचा. ‘लाल पोरं वर असताना खाली गळ टाकायचा नाही.’ समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. आमच्या काठावर त्या दिवसांत जे पाळलं जायचं ते अशा घरातल्या शब्दांवर.

पाळलं न जाणारंही होतं. मृगाच्या पावसात नदीतले मासे ओढ्यांत, ओढ्यांतून खाचरांत चढतात, अंडी घालायला. हे चढणीचे मासे धरायला सगळं गाव कंदील घेऊन बाहेर पडायचं. त्या रात्रीचा आनंद मी विसरू शकत नाही, आणि पोटात अंडी असलेली मासळी आपण टोपल्यांनी घरी आणत होतो हेही विसरू शकत नाही. तेव्हा जाळ्याचे डोळे मोठे होते, माणसं थोडी होती, आणि ओढे मोकळे होते. नदी ते सोसत होती. आता मच्छरदाणीच्या कापडानं ओढा अडवतात, कुठं पाण्यात वीज सोडतात, कुठं जिलेटिन फोडतात. आडोशाला आलेल्या जिवाला आडोशातच गाठायचं, याला मासेमारी म्हणवत नाही.

माझ्या हातात आयुष्यात एकदाच खडशी आली. महासीर म्हणतात तिला. मी चौदा वर्षांची होते. श्रावणातलं ऊन पडलं होतं, पाणी उतरत होतं, आणि मामानं गळाला पिकलं उंबर लावायला सांगितलं होतं. खडशीला उंबर आवडतं, जांभूळ आवडतं, खेकडाही आवडतो. नदीकाठचं झाड आणि नदीतला मासा यांचं असं जुनं नातं आहे. उंबर ओढ्याच्या तोंडाशी, त्या रेघेवर पडलं आणि काठी हातातून निसटायचीच राहिली. किती वेळ गेला कळलं नाही. शेवटी ती काठाला आली तेव्हा मी आधी तिचे खवले बघितले. रुपयाएवढे एकेक, कडेला सोनेरी. पंखांवर निळसर झाक. जाड ओठ, दोन्हीकडं मिशा. मामानं तिच्या पोटाखाली हात दिला, हळूच अदमास घेतला आणि म्हणाला, ‘गाभोळी हाय. सोड.’

मला रडू आलं. पण सोडली. तिला दोन्ही हातांत धरून तोंड धारेकडं करून उभं राहायचं, ती स्वतः निघेपर्यंत. तिचे कल्ले उघडत मिटत होते. मग माझ्या तळव्यांत एक धक्का बसला आणि हात रिकामे झाले. तो धक्का आजही माझ्या तळव्यांत आहे.

कितीतरी वर्षांनी कळलं की या माशाला शास्त्रात जे नाव आहे, ते याच पाण्यातून गेलं आहे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी करत हिंडला, आणि १८३९ मध्ये त्यानं इथल्या माशांची शास्त्रीय वर्णनं प्रसिद्ध केली. खडशी त्याला पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळाली. नदीचं नाव त्यानं ‘मोटा मोला’ असं लिहिलं. आणि माशांना नावं देताना त्यानं एक मोठी गोष्ट केली. काठावरच्या लोकांच्या तोंडात जे शब्द होते तेच लॅटिनमध्ये बसवले. म्हणून आज जगभरच्या ग्रंथालयांत ही खडशी ‘टॉर खुद्री’ आहे. तिच्यासोबत कोलस आहे, पोटैल आहे, फुलुंगी आहे, सांडखोल आहे, आळकुटी आहे, थुतरावर उंचवटा असलेला नुक्ता आहे. शिंगटीसुद्धा आहे, ‘सींगटी’ होऊन. ज्यांनी हे शब्द त्याला सांगितले त्या माणसांची नावं कुठं नाहीत. पाण्यात उभं राहून टोपलीतला एकेक मासा उचलून दाखवणारे ते हात मला दिसतात. त्यांची बोली शास्त्राच्या आडोशाला गेली आणि टिकली. इथं नदीवर मात्र ती कमी कमी ऐकू येते.

मुळेची अवघड कहाणी सुरू होते ती वर. १९२०च्या दशकात मुळशीचं धरण उभं राहिलं, सेनापती बापटांनी आणि मावळातल्या शेतकऱ्यांनी १९२१ पासून त्याविरुद्ध सत्याग्रह केला, आणि गावं तरीही पाण्याखाली गेली. धरणाचं पाणी डोंगराच्या पोटातून कोकणात भिऱ्याला उतरतं, वीज करतं, आणि कुंडलिकेतून अरबी समुद्राला जातं. भीमेला, कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला जायला निघालेल्या नदीचं डोंगरातलं पाणी असं उलट्या समुद्रात जातं. त्या विजेनं घरं उजळली, हे खरं आहे. पण चढणीच्या माशाला वर जायची वाट उरली नाही, हेही खरं आहे. खडशी गोट्यांच्या तळावर, वाहत्या स्वच्छ पाण्यात अंडी घालते. त्यासाठी पुराच्या पाण्यावर स्वार होऊन वर जाणं हा तिचा जन्मधर्म. भिंतीशी येऊन ती थांबते. खाली आलो तर गावांची शहरं होताहेत, आणि ओढ्यांतून नदीत येणाऱ्या पाण्याला साबणाचा वास असतो.

तरी खडशी आहे, कारण कुणी ना कुणी तिला आडोसा दिला. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड आहे. तिथले मासे वरदायिनी देवीचे. लोक त्यांना लाह्या, कुरमुरे घालतात, धरत कुणी नाही. देहूला इंद्रायणीच्या डोहातले मासेही असेच राखलेले. आणि ज्या टाटांच्या धरणानं नदी अडवली, त्यांनीच लोणावळ्याला वळवणमध्ये १९७०च्या दशकापासून खडशीची पिल्लं वाढवली आणि देशभरच्या पाण्यांत पाठवली. देवाची भीती, भक्ती आणि शास्त्र, तिन्ही एका माशासाठी कामाला आली.

या कहाणीत एक काटाही आहे, आणि तो गिळून टाकता येत नाही. लोणावळ्याची पिल्लं कावेरीतही सोडली गेली. कावेरीची स्वतःची एक महासीर होती, पाठीवर उंचवटा असलेली, जगातल्या सगळ्यांत मोठ्या महासीरांपैकी. आपली निळ्या पंखांची खडशी तिथं फोफावली आणि ती मूळची मागं हटली. २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी तिची ओळख पक्की केली, टॉर रेमादेवी, तेव्हा ती नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर पोचली होती. सस्क्वेहॅनातला बासही मूळचा तिथला नाही, एकोणिसाव्या शतकात आणून सोडलेला आहे. काश्मीरच्या नद्यांतला ट्राउटही परदेशातून अंडी आणून वसवलेला. जीव वाचवायचा तर त्याच्याच पाण्यात वाचवला पाहिजे. एकीचा आडोसा दुसरीच्या घरावर उभारून चालत नाही. खडशीला तिचं घर हवं, आणि ते घर ही मुळा आहे.

गेल्या श्रावणात मी पुन्हा काठावर गेले. मामा आता नाही. त्याच्यासारखीच काटकी तोडून पाण्याच्या कडेला रोवली आणि बसले. लवळ्याच्या डोंगरावरच्या विद्यापीठांच्या इमारती ढगांत निम्म्या बुडाल्या होत्या. शेजारी दहाबारा वर्षांचा एक मुलगा दुकानातली चकचकीत काठी घेऊन उभा होता. त्याच्या पिशवीत तीन मासे होते.

‘काय लागलं?’

‘चिलापी.’ चिलापी हा आफ्रिकेतून आलेला मासा. घाण पाण्यातही तगतो, आणि आता जिथं बघावं तिथं तोच.

‘अजून काय लागतं?’

‘चिलापीच. दुसरे पण असतात, बारके. त्यांना काय म्हणतात म्हाईत नाय.’

मग मी त्याला सांगत बसले. शिंगटी. वाम. मरळ. कोळशी. आळकुटी. तो एकेक शब्द तोंडात घोळवून बघत होता, आवळा जिभेखाली फिरवावा तसा. आळकुटीला तो हसला. मी म्हणाले, हा शब्द लंडनच्या पुस्तकात छापलाय, दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी, आपल्याच नदीवरून ऐकून. त्यानं नदीकडं असं बघितलं, जणू तिनं त्याच्यापासून काही लपवून ठेवलं होतं.

त्यानं गळ मध्याकडं टाकायला हात मागं नेला. मी विचारलं, ‘तू पाण्यात असतास तर कुठं थांबला असतास?’

तो थबकला. पाण्याकडं बघू लागला. बराच वेळ बघत राहिला. मग हात लांब करून त्यानं काठाकडं बोट दाखवलं, जिथं ओढ्याचं पाणी उलटं शिरून गप झालं होतं. तिथं गवतात काहीतरी वर आलं, लालकेशरी, मूठभर, आणि पुन्हा खाली गेलं.

‘ते काय?’

‘मरळीची पोरं. खाली ती असंल.’

त्यानं गळाकडं बघितलं, गवताकडं बघितलं. मी काही बोलले नाही. चौदाव्या वर्षी माझ्या हातात जे आलं होतं ते मला ‘सोड’ म्हटल्यावर सुटलं होतं. यानं ते कुणी न सांगता करावं असं फार वाटत होतं, म्हणून गप्प बसले. थोड्या वेळानं त्यानं तंगूस गुंडाळायला घेतला आणि दोन पावलं खालच्या अंगाला सरकून दुसरी जागा शोधू लागला.

पाऊस पुन्हा बारीक सुरू झाला. मी काटकीकडं बघितलं. पाणी दोन बोटं मागं गेलं होतं.